‘इंटेन्स’ या शेऱ्याचा खुलासा मिळण्याबाबत

वरिष्ठांचं माझ्याबद्दल काय मत आहे हे मला वर्षातून एकदाच कळतं आणि ते कळल्याची सही त्याच कागदावर करावी लागते. पाणीपुरवठा कार्यालयाच्या मीटर तक्रार शाखेत मला सव्वीस वर्षं झाली. या सव्वीस वर्षांत माझ्या अहवालातल्या ‘सर्वसाधारण शेरा’ या रकान्यात ‘समाधानकारक’ याखेरीज काहीही लिहिलं गेलेलं नव्हतं. एकदा एका साहेबांच्या हातून नुसतंच ‘समाधान’ लिहिलं गेलं आणि ‘कारक’ राहून गेलं. त्या वर्षी मी स्वतःला थोडा आध्यात्मिक समजत होतो.

यंदा आमच्याकडे नव्या मॅडम बदलून आल्या. माझ्यापेक्षा दहाबारा वर्षांनी लहान, काचेच्या केबिनमध्ये बसणाऱ्या, आणि स्वतःच्या टेबलावरची धूळ स्वतः पुसणाऱ्या. त्यांनी माझ्या रकान्यात इंग्रजीत एकच शब्द लिहिला होता. ‘इंटेन्स’. पुढे पूर्णविराम.

खरं सांगायचं तर मला आधी तो पूर्णविरामच लागला. ‘समाधानकारक’पुढे आजवर कुणी पूर्णविराम दिला नव्हता. त्यामुळे साहेबांना अजून काहीतरी बोलायचं होतं पण जागा संपली, असा समज करून घेता येत असे. इथे जागा तीन बोटं शिल्लक होती.

मी सही केली. हा शब्द मला दर आठवड्याला कुणी ना कुणी लावतंच, असा चेहरा करून केली.

घरी बायकोनं विचारलं, “काय आलं यंदा?”

“इंटेन्स.”

“म्हणजे?”

“म्हणजे इंटेन्सच. मराठीत नाही सांगता येत.”

मराठीत सांगता येत नाही असं म्हणणारी माणसं दोन प्रकारची असतात, विद्वान आणि अडाणी. मी कोणत्या प्रकारात मोडतो हे बायकोला अठ्ठावीस वर्षांपासून ठाऊक आहे. ती आत गेली आणि घरातल्या तीन वस्तू आणून तिनं टेबलावर मांडल्या. एक तिचं कंबरदुखीचं मलम, एक माझ्या केसांचा कलप आणि एक संडास धुवायच्या औषधाची बाटली. तिन्हींवर तो शब्द होता.

“दुखणं, काळेपणा आणि डाग,” ती म्हणाली. “यातलं तुम्हाला काय लागू पडतं ते बघा.”

मुलगी एका तपासणी प्रयोगशाळेत नोकरीला आहे. रक्त, थुंकी वगैरेंबद्दल ती स्पष्ट बोलते, त्यामुळे माझ्याबद्दलही बोलते. तिनं शब्दकोश उघडून वाचून दाखवलं. तीव्र, प्रखर, जालीम, पराकाष्ठेचा, उत्कट. ‘उत्कट’ला बायको हसली. हसताना तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. माणसाला हसू येऊ शकतं, हे मला मान्य आहे; पण त्याला काही मुदत असावी.

“बाबा, यात वाईट काही नाही,” मुलगी म्हणाली. “तुम्ही जेवताना नुसतं ‘मीठ दे’ म्हणालात तरी समोरच्याला वाटतं, आपली चौकशी लागली.”

“मी मीठच मागत असतो.”

“हो, पण फार मनापासून मागता.” मग तिनं शब्दकोश मिटला. “मी नोकरी बदलायचा विचार करत होते, सहा महिने झाले. तुम्हाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही त्या नव्या ठिकाणाच्या मालकाची सात पिढ्यांची माहिती काढली असती.”

मी म्हटलं, सात नाही, फार तर दोन. ती हसली, पण मला ते लागलं. स्वतःच्या मुलीनं सहा महिने एक गोष्ट आपल्यापासून लपवावी आणि त्याला कारण आपलं मीठ मागणं असावं, हे कोणत्याही बापाला गोड लागणार नाही.

तेव्हा ठरवलं, या शब्दाचा छडा लावायचा.

आमच्या खालच्या मजल्यावर इंग्रजीचे मास्तर राहतात. त्यांना एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला की ते आधी त्या शब्दाच्या आजोबांपर्यंत जातात. ते म्हणाले, “मूळ लॅटिन. अर्थ, ताणलेला. तंबूची दोरी कशी ताणलेली असते, तसा. तुम्ही ताणलेले आहात.”

“हे चांगलं की वाईट?”

“ते तंबूवर अवलंबून आहे,” मास्तर म्हणाले.

हे उत्तर मी घरी सांगितलं. बायको म्हणाली, ताणलेले आहात हे सांगायला लॅटिन कशाला लागतं.

वरच्या मजल्यावर एक अधीक्षक राहतात. नोकरीतून निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली, पण ‘निवृत्त’ म्हटलेलं त्यांना चालत नाही, म्हणून सगळी इमारत त्यांना नुसतं अधीक्षक म्हणते. त्यांनी जिन्यातच मला थांबवलं. बातमी त्यांच्यापर्यंत आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून गेली होती.

“प्रतिकूल शेरा आहे,” ते म्हणाले. “पंधरा दिवसांत हरकत घेतली नाही तर तो कायम होतो. पुढे बढती, पेन्शन, सगळीकडे तुमच्याआधी तो शब्द पोचेल.”

“पण तो अनुकूल असला तर?”

अधीक्षकांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. “अनुकूल असेल तर प्रशस्तिपत्र मागा. फुकट कशाला सोडता.”

अधीक्षकाची एक जागा आमच्या कार्यालयात रिकामी होत होती, हे त्यांना माहीत होतं. मला तर होतंच. त्या रात्रीचं जेवण मी गप्प राहून केलं. मीठ मागितलं नाही. भाजी अळणी होती.

दुसऱ्या दिवशी आस्थापना शाखेत गेलो. तिथल्या कारकुनाला सगळे टाचणी म्हणतात, कारण त्याच्यापाशी गेलेला कोणताही कागद दुसऱ्या कागदाला टोचल्याशिवाय परत येत नाही. मी त्याला म्हटलं, “शेऱ्याचा अर्थ विचारायचा आहे. कोणता फॉर्म?”

“अर्थ विचारायचा फॉर्म नाही,” टाचणी म्हणाला. “प्रतिकूल शेऱ्याविरुद्ध हरकतीचा गुलाबी आहे. प्रशस्तिपत्राच्या मागणीचा पिवळा. तुमची निंदा झालीय की स्तुती?”

“तेच तर कळत नाही.”

“ते तुम्ही ठरवून या. तुमचं तुम्हालाच कळत नाही, तर आम्ही काय करणार?”

मी वरच्या अधीक्षकांना फोन लावला. ते म्हणाले, दोन्ही भरा, एक तरी लागेल. आता मागे वळून बघताना वाटतं, या वाक्याच्या आधारावर माणसानं आयुष्यात काहीच करू नये. पण तेव्हा ते पटलं. गुलाबी फॉर्मवर मी लिहिलं की सदर शब्दामुळे माझी अप्रतिष्ठा झाली असून तो वगळण्यात यावा. पिवळ्यावर लिहिलं की सदर शब्दाने माझ्या सेवेचा गौरव झाला असून त्याचं लेखी प्रमाणपत्र मिळावं. दोन्हींवर अक्षर चांगलं आलं होतं. टाचणीनं दोन्ही कागद एकमेकांना टोचले आणि एकच आवक क्रमांक दिला.

आठवड्याभरात वरून उत्तर आलं. अर्जदारानं एकाच शब्दाबद्दल एकाच दिवशी अप्रतिष्ठा आणि गौरव या दोन्ही भावना व्यक्त केल्या असल्यानं त्याची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.

वैद्यकीय अधिकारी तिसऱ्या मजल्यावर बसतात. लिफ्टवर ‘बंद आहे’ अशी पाटी होती आणि पाटीवर जुन्या वर्षाची तारीख होती. वर पोचलो तेव्हा मला धाप लागली होती. डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली.

“इंटेन्स,” ते म्हणाले. “कुठे?”

“कुठे म्हणजे?”

“कुठे दुखतं?”

“दुखत कुठेच नाही.”

“मग इंटेन्स काय आहे?”

“मी.”

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि रक्तदाब मोजायला घेतला. तीन जिने चढून आलेल्या माणसाचा असतो तसा तो होता. मी लिफ्टबद्दल सांगायला लागलो. ती कधीपासून बंद आहे, दुरुस्तीचा ठेका कुणाकडे होता, त्याची मुदत कधी संपली. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की डॉक्टर ऐकत नसून लिहीत आहेत. त्यांनी आठ दिवस ‘सौम्य काम’ सुचवलं. स्थळपाहणी नाही, जिना नाही, वादविवाद नाही. फक्त खिडकीवर बसून अर्ज घ्यायचे.

मग मीही ठरवलं. एवढी सगळी माणसं म्हणतात, तर होऊन बघू सौम्य.

सौम्य होणं वाटतं तितकं सोपं नाही. मी आरशासमोर हसण्याचा सराव केला. बायको म्हणाली, असे हसू नका, दाराशी उभा असलेला माणूस पोलिसांना बोलावेल. मुलगी म्हणाली, बाबा, हसताना डोळे मिटा थोडे. ऑफिसात मी डोळे थोडे मिटून हसू लागलो. प्रश्न विचारायचे सोडले. एरवी मीटरची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला मी अकरा प्रश्न विचारतो. नळ किती, त्यातले गळके किती, गच्चीवर टाकी आहे का, शेजारी घर बंद आहे का, असे. आता मी फक्त म्हणायचो, “होऊन जाईल हो.” लोक खूश व्हायचे. रांग भराभर पुढे सरकायची. तिसऱ्या दिवशी एकाच्या तोंडून मी ‘देवमाणूस’ हा शब्दही ऐकला आणि तो माझ्याबद्दलच होता.

चौथ्या दिवशी धुलाईचं दुकान चालवणाऱ्या एक बाई आल्या. हात कोपरापर्यंत पांढरे पडलेले, सोड्यानं. त्यांचं मीटर दोन महिन्यांपासून चौपट फिरत होतं आणि कपडे मात्र तेवढेच होते. चौपट हा आकडा ऐकल्यावर माझ्या आत काहीतरी उठून उभं राहिलं. मी त्याला खाली बसवलं.

“होऊन जाईल हो,” मी म्हणालो. “काळजी करू नका.”

“साहेब, इथे एवढं गोड कुणी बोलत नाही,” बाई म्हणाल्या आणि समाधानानं निघून गेल्या. अर्ज मी ट्रेमध्ये ठेवला. ट्रे भरलेला होता, पण अर्ज पातळ होता, बसला.

सोमवारी त्या परत आल्या. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, मला आरडाओरड्याची सवय आहे. त्या खिडकीशी उभ्या राहून हळू आवाजात म्हणाल्या, “साहेब, शनिवारी नळ तोडून गेले. जादा वापर म्हणून. चाळीस घरांचे कपडे साबणात पडलेत. तुम्ही म्हणालात होऊन जाईल, म्हणून मी थांबले. नाहीतर मी स्वतःच कुणाला तरी गाठलं असतं.”

मी ट्रेकडे बघितलं. त्यांचा अर्ज खालून सातवा होता. त्याच्यावर माझ्याच चहाच्या कपाचं वर्तुळ उमटलं होतं.

मला आयुष्यात अनेकदा शरम वाटली आहे, पण बहुतेक वेळा ती दुसऱ्या कुणीतरी आणलेली असायची. ही घरची होती.

मी उठलो. आमच्या फिटरला बोलावलं आणि म्हणालो, पाना घे, चल. तो म्हणाला, “साहेब, तुम्हाला स्थळपाहणी बंद आहे ना?” मी त्याच्याकडे बघितलं. डोळे मिटायला विसरलो असणार, कारण तो पाना घ्यायला वळला.

दुकानात आधी नळ जोडला. मग सगळ्या तोट्या बंद करून घेतल्या, माणसांना गप्प बसवलं, आणि मी एक घमेलं पालथं घालून मीटरसमोर बसलो. सगळ्या तोट्या बंद आणि मीटरचा काटा फिरतोय. सावकाश, पण फिरतोय. म्हणजे पाणी कुठेतरी जात होतं. मी भिंतीला कान लावला. एक भिंत झाली, दुसरी झाली, मग मी फरशीवर आडवा झालो. बाईंच्या दोन मुली दारात उभ्या राहून बघत होत्या. धाकटीनं विचारलं, “यांना काय झालंय?” मोठी म्हणाली, “ऐकतायत ते. चूप.”

कपडे वाळत घालायच्या खोलीत एका कपाटाखाली मला आवाज लागला. जुनं दुकान होतं तेव्हाचा एक नळ कुणीतरी फरशीखाली गाडून वर कपाट ठेवलं होतं, आणि त्याचा जोड कुजला होता. फिटरनं फरशी उचलली आणि पहिलं पाणी सरळ माझ्या तोंडावर आलं. जोड बंद केल्यावर मी परत मीटरसमोर येऊन बसलो. काटा थांबला होता. थांबलेला काटा बघण्यात मला जे वाटतं ते कोणत्या शब्दकोशात आहे मला ठाऊक नाही.

संध्याकाळी घरी पोचलो तो गुडघ्यापर्यंत चिखल. मुलीनं दार उघडलं, वरपासून खालपर्यंत बघितलं आणि टॉवेल आणून दिला.

“सापडलं?” तिनं विचारलं. काय, ते तिला माहीतही नव्हतं.

“सापडलं.”

“वाटलंच मला.” मग ती आत जाता जाता म्हणाली, “त्या नव्या नोकरीचे कागद टेबलावर ठेवते. जेवण झाल्यावर बघा. दोन पिढ्याच, हं.”

दुसऱ्या दिवशी मॅडमनी बोलावलं. त्यांच्यासमोर तीन कागद होते. गुलाबी, पिवळा आणि तिसरा पांढरा. सौम्य कामाच्या काळात स्थळपाहणी का केली, याचा खुलासा मागणारा तो आस्थापनेचा पांढरा कागद होता. तिन्ही टाचणीनं एकत्र टोचलेले.

“हे तिन्ही एकाच माणसाचे आहेत?” मॅडमनी विचारलं.

“हो मॅडम.”

“कशासाठी एवढं?”

“शेऱ्याचा अर्थ कळला नाही.”

“मग मला विचारायचं ना.”

खोटं कशाला बोलू, हा मार्ग मला सुचलाच नव्हता. वरच्या अधीक्षकांनाही सुचला नव्हता, आणि त्यांची तर चौतीस वर्षं नोकरी झाली होती.

मॅडमनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. “मी इथे आले त्या पहिल्याच आठवड्यात एका म्हाताऱ्या आजोबांच्या घरावरून जात होते. तुम्ही त्यांच्या भिंतीला कान लावून उभे होतात. मी उतरून विचारलं, काय चाललंय. तुम्ही मागे न बघता म्हणालात, बाई, जरा आवाज करू नका.”

मी म्हटलं, “मॅडम, मी तुम्हाला ओळखलं नाही.”

“ते दिसलंच. मी अर्धा तास आवाज न करता उभी होते. घरी जाऊन आईला सांगायला लागले की आमच्या ऑफिसात एक माणूस आहे, तो फार… आणि पुढे शब्दच येईना. मग अहवाल लिहायची वेळ आली. एकतीस अहवाल होते. तीस जणांना समाधानकारक लिहिलं. तुमच्यापाशी हात अडला. इंग्रजीत त्यातल्या त्यात एक सापडला, तो लिहून टाकला.”

“म्हणजे चांगला आहे शब्द?”

त्यांनी खरोखर विचार केला. “दमवणारा आहे. चांगला आहे. दोन्ही.”

मास्तर निदान तंबूवर ढकलून मोकळे झाले होते.

“पण आता तुमची हरकत आलीय,” मॅडम म्हणाल्या. “हरकत आलेला संदिग्ध शब्द खोडून छापील चार शब्दांतला एक लिहावा, असा नियम आहे. मी समाधानकारक करून टाकते.” आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

“मॅडम, बढतीची समिती…”

“समिती शेरे वाचत नाही. ज्येष्ठता बघते. तुम्ही यादीत तिसरे आहात. यंदा होणार नाही, दोन वर्षांनी होईल. मी काहीही लिहिलं तरी.”

म्हणजे गेले तीन आठवडे मी ज्यासाठी जिने चढत होतो ते काही मिळणारही नव्हतं आणि जाणारही नव्हतं. जाणार होता तो फक्त तेवढा एक शब्द. मी पेनाच्या निबाकडे बघत होतो.

“अर्ज मागे घेतो,” मी म्हणालो. “दोन्ही.”

मॅडमनी टोपण परत लावलं. पांढऱ्या कागदावर ‘पाहिलं’ असं लिहून तो बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, “आस्थापनेत जा. आजच.”

टाचणीनं मला निळा फॉर्म दिला. अर्ज मागे घेण्याचं कारण, असा त्यात एक बोटभर रकाना होता. मी लिहिलं, ‘अर्थ समजला’. टाचणीनं ते वाचून फॉर्म परत माझ्याकडे वळवला.

“कोणता?”

“कोणता म्हणजे?”

“समजलेला अर्थ नमूद करावा लागेल. उद्या तुमच्या जागी दुसऱ्या कुणाला हा शेरा मिळाला तर आम्ही काय सांगायचं?”

मुद्दा बिनतोड होता. मी पुरवणी कागद मागून घेतला आणि तिथेच स्टुलावर बसून लिहायला लागलो. धुलाईवाल्या बाईंचं मीटर, ट्रेमधला अर्ज, चाळीस घरांचे कपडे, कपाटाखालचा नळ, काटा फिरत असताना किती वाजले होते आणि थांबला तेव्हा किती, सगळं क्रमवार. चूक कुणाची होती तेही लिहिलं, म्हणजे माझी. जोड कोणत्या मापाचा होता ते लिहिलं. जेवणाची सुट्टी होऊन गेली. चौथा पुरवणी कागद मागितला तेव्हा टाचणीनं चष्म्यावरून बघितलं.

मी सगळे कागद त्याच्यासमोर ठेवले. त्यानं ते उभ्याउभ्या वाचायला घेतले, मग बसून वाचले. शेवटच्या पानावर मी नळाची आकृती काढली होती, ती त्यानं उलटी धरून, मग सुलटी धरून पाहिली.

“हे रकान्यात नाही बसणार,” तो म्हणाला. “एका शब्दात पाहिजे.”

“एका शब्दात येत असतं तर मी इथे आलो असतो का?”

टाचणीनं खुर्ची मागे सरकवली. सगळे कागद त्यानं नीट एकसारखे केले आणि पहिल्यांदाच टाचणी टोचायचं विसरला.

“राग मानू नका साहेब,” तो म्हणाला, “पण तुम्ही माणूस म्हणजे फारच हे आहात.”

“हेच,” मी म्हणालो.

“काय?”

“हेच लिहा.”

त्यानं रकान्यात ‘हे’ असं लिहिलं, त्यावर शिक्का मारला आणि माझी समजल्याची सही घेतली.